पाणसळ

अण्णाचीच्या हातात ब्रश, माझ्या हातात नळी.
पारदर्शक, वीस मीटर, आत ताम्रपर्णीचंच पाणी;
नळाचं भरलं की बुडबुडे धरतं, असं त्याचं म्हणणं.
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
दोन्हीकडे पाणी थांबलं की मी ओरडायचं, "सरि!"
आणि तो भिंतीवर लाल रेघ ओढणार:
डिसेंबरात नदी इथवर आली होती.

चिखलाचा डाग शिल्लक असेल तिथं डोळा पुरतो,
घरमालकानं चुना फासला असेल तिथं नळी.
रेघेमागं बारा रुपये.
रंग महापालिकेचा, शिडी आमची.

पहिली रेघ कुरुक्कुत्तुरैला.
मुरुगन तिथं नदीतच राहतो, दर पुरात बुडतो,
त्याआधी उत्सवमूर्ती खांद्यावर बसून टेकाडावर जाते.
पुजारी हसला. "इथं कसली रेघ?
घागर घेऊन ये, बुडवून दाखवतो."

वण्णारपेट्टैत दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या.
त्या हटेपर्यंत बसून राहिलो.
अण्णाचीनं तेवढ्यात दोन विड्या संपवल्या
आणि मला सांगितलं, हे शहर एक नाही, दोन आहेत,
अलीकडचं देवळाचं, पलीकडचं शाळांचं,
मधे नदी आहे म्हणून भांडण नाही.

टाऊनात हलवाई सेंदूरपांडी म्हणाला,
"कढईमागं ओढा, गिऱ्हाइकाच्या नजरेआड."
गव्हाचं दूध आटत होतं, तूप कडेनं सुटत होतं.
पानावर एकेक गोळा दिला, कढत, हाताला चिकटणारा.
"चव पाण्याची आहे," म्हणाला, "आमच्या हाताची नाही."
मग गोदामाकडे बघत बोटं चाटली.
त्याच पाण्यानं त्याची साठ पोती नेली होती.

मेलप्पाळयमला सैदाली फातिमा मागावर.
कोरै गवताचे केसाएवढे धागे, चटई अर्धी झालेली.
"सात दिवस नदीत भिजवतो आम्ही गवत,
या वेळी माग भिजला, माझं लग्नाचं पेटारं भिजलं,
गवत तेवढं वर माळ्यावर कोरडं राहिलं. बघ आता."
तिची रेघ मागाच्या मधोमध गेली.

पाळैयंकोट्टैला आम्ही गेलोच नाही.
ती बाजू उंच. तिथं रेघ नाही,
तिथं आम्ही होतो: सातवी ब, नऊ रात्री,
बाकांखाली अकरा कुटुंबं,
फळ्यावर कुणीतरी काढलेला भारताचा नकाशा
आणि त्यात आमच्या जिल्ह्याच्या जागी
खडूनं केलेलं एक भोक.

शेवटचं घर मीनाक्षीपुरमचं.
पेचियम्माळनं चुना फासलेला, नळी लागली.
अण्णाचीनं त्याचं टोक शेजारच्या डागाला धरलं.
पाणी माझ्या छातीशी थांबलं.
खुंटीवर तिच्या नवऱ्याचा सदरा,
रेघेच्या वर एक वीत.
त्याच रात्रीचा. कोरडाच राहिलेला.

"इथवरच?" ती म्हणाली.
"ते तर दारात वाकून यायचे.
मग कसे गेले ते?"

अण्णाची डब्यात ब्रश फिरवत राहिला.
रंग कधीचा एकजीव झाला होता.

"जरा वर घ्या," ती म्हणाली. "चार बोटं.
लोक मला विचारतात."

तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.
मी माझं टोक चार बोटं उचललं.
पाणी डळमळलं, वर चढल्यासारखं झालं;
शेजारच्या डागाशी त्यानं पुन्हा जुळवलं,
आणि ते होतं तिथंच येऊन उभं राहिलं.
"सरि," मी म्हणालो. इतक्या हळू की
मलाच ऐकू आलं नसेल.

रेघ ओढली. ओली असतानाच
पेचियम्माळनं सदरा खुंटीवरून काढला,
घडी घातली, आणि कुठं ठेवावा ते न कळून
हातातच धरून उभी राहिली.

दिवेलागणीला पुलाखाली नळी रिकामी केली.
वीस मीटर पाणी, दोन ओंजळी जेमतेम.
ते पुन्नैक्कायलच्या दिशेनं गेलं.
अण्णाचीनं बोटांवर रेघा मोजल्या,
एक कमी भरली त्याच्या हिशोबात.
मी काही बोललो नाही.